इंग्लिश गप्पा दोन वाक्यांत आटपतात? त्या पुढे कशा न्यायच्या

"हाऊ आर यू?" "आय एम फाइन, थँक यू, हाऊ आर यू?" "आय एम ऑल्सो फाइन." झालं, संपलं. मग दोघंही एकमेकांकडे बघून हसतात आणि हळूच मोबाईल काढतात.

स्पोकन इंग्लिश शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं आणि सगळ्यांना वाटतं की आपली व्होकॅब्युलरी कमी पडतेय, मग रोज दहा नवीन शब्द पाठ करायचा कार्यक्रम सुरू होतो, शब्द वाढतात पण गप्पा काही वाढत नाहीत. मी दर शनिवारी काही जणांसोबत इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस करते, सगळे मराठी मीडियमवाले, कोणी आयटीत, कोणी बँकेत, एक ताई आहेत त्यांना मुलाकडे अमेरिकेला जायचंय, आणि या सगळ्यांचं ऐकून ऐकून माझं मत पक्कं झालंय की बारावी झालेल्या माणसाकडे गप्पांपुरते शब्द असतातच. फक्त आपलं बोलणं थांबवताना समोरच्याला पकडायला काहीतरी ठेवायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सांगणार तरी कोण म्हणा. आपल्याकडे आधी पाचवीपासून इंग्रजी असायचं, २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून झालं, पण दोन्ही बॅचेसचं दुखणं एकच. प्रश्न पेपर विचारणार, आपण पूर्ण वाक्यात उत्तर लिहायचं आणि पूर्णविराम द्यायचा. "व्हेअर डू यू लिव्ह?" "आय लिव्ह इन सांगली." मिळाला एक मार्क. उलट प्रश्न विचारायची वेळ शाळेत कधी आलीच नाही, त्यामुळे बोलताना पण आपण उत्तर देऊन पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतो आणि समोरचा बिचारा दोन-तीन प्रश्न विचारून दमतो.

तर पहिली गोष्ट.

उत्तराला शेपूट ठेवा

"व्हेअर आर यू फ्रॉम?" ला "आय एम फ्रॉम सातारा" हे उत्तर बरोबर आहे पण त्यात समोरच्याला पकडायला काही नाही. त्याला सातारा माहीत नसेल तर तो फक्त "ओह, ओके" म्हणणार. त्याऐवजी "आय एम फ्रॉम सातारा, अबाउट टू अवर्स फ्रॉम पुणे. देअर इज अ प्लेस कॉल्ड कास, इन सप्टेंबर इट इज फुल ऑफ फ्लॉवर्स." आता बघा, त्याच्या हातात तीन गोष्टी आल्या, पुणे, कास आणि फुलं, यातलं काहीतरी तो उचलतोच. कास पश्चिम घाटासोबत २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलंय, तेवढं जोडलं तर परदेशी माणूस बोलता बोलता तिथेच फोटो शोधायला लागतो आणि मग पुढची पाच मिनिटं तुम्हाला काही करावंच लागत नाही.

शेपूट भारी असायची गरज नाही, साधी चालते. "आय वर्क इन अ बँक" च्या पुढे "इन द लोन सेक्शन, सो पीपल आर व्हेरी नाइस टू मी". समोरचा हसला की काम झालं. "हाऊ वॉज युवर वीकेंड?" ला नुसतं "गुड" ऐवजी "गुड, बट आय स्पेंट हाफ ऑफ इट क्लीनिंग, गेस्ट्स आर कमिंग फॉर गणपती". कोण येणार, किती दिवस राहणार, गणपती म्हणजे काय, असे प्रश्न आपोआप निघतात.

आणि ही शेपटं आधीच घरी तयार करून ठेवता येतात, त्यात लाजायचं काही नाही. नव्या माणसाने विचारायचे प्रश्न जगभर तेच असतात. कुठले, काय करता, घरी कोण कोण, वीकेंडला काय केलं, इकडचं हवामान कसं आहे. प्रत्येकाला दोन शेपटं लिहून काढा आणि मोठ्याने म्हणून बघा, मनात नाही, मोठ्याने, कारण मनात आपण सगळेच फ्लुएंट असतो.

फक्त एक सांभाळा, शेपूट म्हणजे शेपूटच. आमच्यातल्या एकाला ही आयडिया एवढी आवडली की "व्हेअर आर यू फ्रॉम" म्हटलं की तो अजिंक्यताऱ्यापासून सुरू होऊन कंदी पेढ्यांपर्यंत न थांबता जायचा आणि ऐकणारा फक्त मान हलवत बसायचा. एक-दोन वाक्यं बोला आणि गप्प व्हा, समोरच्याला आत शिरायला जागा लागते.

समोरच्याच्या वाक्यातला शब्द उचला

हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं म्हणून यावर जरा जास्त लिहिते. समजा कॉलवर कोणीतरी आलं आणि म्हणालं, "सॉरी आय एम लेट, माय डॉग वॉज सिक." आपला माणूस काय म्हणतो? "इट्स ओके. शॅल वी स्टार्ट?" व्याकरण एकदम बरोबर, पण समोरच्याने दार उघडलं होतं आणि आपण ते लावून टाकलं. आता हे बघा:

"ओह नो, व्हॉट हॅपन्ड?"
"ही एट अ सॉक."
"अ सॉक?"
"येस, अ होल सॉक. माय सन्स फुटबॉल सॉक."
"माय गॉड. इज ही ओके नाऊ?"
"ही इज फाइन. द सॉक इज नॉट."

यात आपल्या बाजूने काय काय गेलं ते मोजा. दोन अगदी सोपे प्रश्न आणि त्याचाच एक शब्द प्रश्नाच्या सुरात परत. "अ सॉक?" हे वाक्यसुद्धा नाही पण गोष्ट पुढे नेली ती त्यानेच. समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातला जो शब्द विचित्र वाटेल, मोठा वाटेल किंवा कळला नसेल, तो उचलायचा आणि सूर वर नेऊन परत द्यायचा. "टू वीक्स?" "इन दिस हीट?" "अलोन?" बास. यात चुकायला जागाच नाही कारण शब्द त्याचाच आहे.

प्रश्न विचारताना आपण अडखळतो ते डू-डज-डिडमुळे. मराठीत वाक्याच्या शेवटी का लावला किंवा नुसता सूर बदलला तरी प्रश्न होतो, इंग्लिशमध्ये सगळी उलथापालथ करावी लागते, म्हणून तोंडातून "व्हेअर यू वेन्ट?" निघतं. खरं सांगायचं तर "व्हेअर यू वेन्ट" म्हटलं तरी जगात सगळ्यांना कळतं आणि कोणी फाशी देत नाही. पण भीती वाटत असेल तर ज्यात डू-डिड लागतच नाही असे प्रश्न तोंडात बसवून ठेवा: "हाऊ वॉज इट?", "व्हॉट हॅपन्ड?", "लाइक व्हॉट?", "अँड देन?", "हाऊ कम?", "व्हॉट अबाउट यू?", "व्हॉट्स दॅट लाइक?" या सातांवर एक अख्खा चहा निघतो.

प्रश्नासोबत प्रतिक्रिया पण लागते. मराठीत आपण समोरचा बोलत असताना सारखं हं, हो का, अगं बाई, मग, काय सांगतोस असं चालू ठेवतो, पण इंग्लिश सुरू झालं की तोच माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. समोरच्याला वाटतं याला कंटाळा आला किंवा कळत नाहीये. "रिअली?", "नो वे", "ओह, दॅट्स अ लॉट", "दॅट मस्ट बी टफ", "लकी यू" एवढं मध्ये मध्ये पेरा. "ओके ओके ओके" मात्र टाळा, तीनदा ओके म्हटलं की आवरा आता असं ऐकू येतं. आणि "गुड फॉर यू" जरा जपून, सूर सपाट राहिला तर टोमणा वाटतो.

एकामागून एक प्रश्नच विचारत राहिलात तर ती गप्पा न राहता पोलीस चौकीतली चौकशी होते. दोन प्रश्न झाले की स्वतःचं काहीतरी सांगा, "वी हॅड अ डॉग टू, ही यूज्ड टू ईट चपलाज" वगैरे, मग परत विचारा. हो, चपलाज चालतं, सोबत "स्लिपर्स" म्हणा म्हणजे झालं.

विषयांचं पण एक आहे. आपल्याकडे ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईला पगार, लग्न, मुलं किती, दुसरं कधी, हे सगळं दादरहून ठाणं यायच्या आत विचारून होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. अमेरिकन, ब्रिटिश लोकांना नवीन ओळखीत पगार, वय, लग्न का नाही, मूल का नाही हे विचारलेलं खुपतं, आणि "यू हॅव बिकम थिन" हे आपण काळजीने म्हणतो पण तिकडे अंगावर बोलल्यासारखं होतं. त्यांच्याशी हवामान, प्रवास, कुत्रा-मांजर, खाणं, मॅच, सुट्टीचे प्लॅन हे विषय सुरक्षित. ऑफिसमध्ये चेन्नईची, कोलकात्याची मंडळी असतील तर "हॅड युवर लंच?" अगदी मस्त चालतं, तिथून डब्यात काय आहे यावर गेलात की अर्धा तास गेला.

वेळ काढायची वाक्यं

२००९ मध्ये भाषेच्या अभ्यासकांनी जगातल्या दहा भाषांमध्ये हो-नाहीवाल्या प्रश्नांना उत्तर किती वेळात येतं ते मोजलं होतं, तर सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. म्हणजे प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर सुरू. आपण तेवढ्यात मराठीत विचार करून, त्याचं इंग्लिश करून, टेन्स तपासून बोलणार कसं? त्यामुळे एक-दोन सेकंद शांतता पडते, ती समोरच्याला खूप मोठी वाटते आणि तो विषय बदलतो.

उपाय असा की पहिला आवाज लगेच काढायचा आणि विचार नंतर करायचा. "वेल...", "हं, लेट मी थिंक", "गुड क्वेश्चन", "हाऊ डू आय से दिस". यातलं एक म्हटलं की तुमची पाळी बुक झाली, आता आरामात तीन सेकंद घ्या, कोणी मध्ये घुसणार नाही. दोन-तीन वेगवेगळी वापरा, नाहीतर आपल्याकडे ॲक्च्युअलीचा रोग आहे, प्रत्येक वाक्य "ॲक्च्युअली बेसिकली" ने सुरू होतं.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी येतं. "काल मी आईला घेऊन कोथरूडला डॉक्टरकडे..." इथपर्यंत बोलून झालं तरी गेले का जाणार होते का जायचं राहिलं हे ठरवायला आपल्याला वेळ असतो. इंग्लिशमध्ये ती चैन नाही, कोण आणि काय केलं हे पहिल्या दोन-तीन शब्दांतच सांगून टाकावं लागतं. म्हणून "यस्टरडे आय माय मदर टू द डॉक्टर..." असं होऊन माणूस मध्येच लटकतो. तोडगा म्हणजे आधी "आय टुक माय मदर" एवढंच बोला, तिथे थांबलात तरी चालतंय, मग "टू द डॉक्टर", मग "इन कोथरूड", मग "यस्टरडे" असे डबे मागून जोडत जा. तसंच "काल आलेला तो माणूस जो मामांच्या ओळखीचा होता तो" असलं वाक्य इंग्लिशमध्ये करायला जाऊच नका, त्याची तीन वाक्यं करा. "अ मॅन केम यस्टरडे. ही नोज माय अंकल. ही सेड..." लहान वाक्यं बोलणारा माणूस अडाणी वाटत नाही, उलट अर्ध्या वाटेत अडकलेलं लांब वाक्य ऐकणाऱ्यालाच घाम फोडतं.

शब्द आठवला नाही तर

बोलणं थांबवू नका आणि गुगल ट्रान्सलेट तर मुळीच उघडू नका, तुम्ही फोनमध्ये डोकं घातलं की समोरचा गेलाच. वस्तू कशाला वापरतात ते सांगा. सांडशी म्हणजे "द थिंग यू होल्ड अ हॉट पॉट विथ". गिरणी म्हणजे "अ स्मॉल शॉप, वी टेक अवर व्हीट देअर अँड दे ग्राइंड इट". वळवाचा पाऊस म्हणजे "द रेन बिफोर द मॉन्सून, विथ अ लॉट ऑफ थंडर". डोहाळजेवण म्हणजे "अ पार्टी फॉर द मदर बिफोर द बेबी कम्स". साचा तीनच प्रकारचा आहे: "द थिंग यू यूज टू...", "इट्स अ काइंड ऑफ...", आणि "इट्स लाइक दिस, बट...". पुरणपोळी सांगायची असेल तर "इट्स लाइक अ पराठा, बट स्वीट इनसाइड".

आणि सांगून झालं की लगेच "व्हॉट डू यू कॉल दॅट?" विचारा. शब्द तर मिळतोच, वर समोरच्याला बोलायची पाळी मिळते आणि त्याला मदत केल्याचं समाधान. अमेरिकेला जाणाऱ्या ताईंनी तर हे हत्यारच केलंय, मागच्या वेळी तिकडे शेजारणीला गिरणीबद्दल सांगायला गेल्या तर ती विचारत बसली की तुम्ही धान्य घरून नेता? डब्यात? आणि त्याच डब्यात पीठ परत? आणि तुमच्या गव्हात दुसऱ्याचे गहू मिसळत नाहीत कशावरून? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच भाषेत देता येत नाही.

समोरचा काय बोलला तेच कळलं नाही तर

इथे आपली जुनी सवय म्हणजे मान हलवून "येस येस" म्हणायचं. नका करू. एक तर आपली ती डावी-उजवीकडे हलणारी मान व्हिडिओवर हो आहे का नाही हे परदेशी माणसाला कळत नाही, आणि दुसरं, दोन वाक्यांनी तो "सो व्हॉट डू यू थिंक?" विचारतोच. मग पंचाईत.

पहिल्यांदा नुसतं "सॉरी?" चालतं. दुसऱ्यांदा परत "सॉरी?" म्हणायच्या ऐवजी जेवढं कळलं तेवढं बोलून दाखवा आणि राहिलेलं विचारा. "सो द मीटिंग मूव्ह्ड टू... व्हेन?" किंवा "आय गॉट द फर्स्ट पार्ट, बट आफ्टर दॅट?" समोरच्याला पूर्ण सगळं परत बोलायला लागत नाही, आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकताय हे पण त्याला दिसतं. नुसतं "आय डोन्ट अंडरस्टँड" म्हटलं तर बिचाऱ्याला कळत नाही की नक्की काय कळलं नाही, शब्द, स्पीड का विषय.

आकड्यांना तर नेहमी परत विचारा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" विचारायचं. ब्रिटिश माणूस "हाफ सेव्हन" म्हणाला तर ते साडेसात, साडेसहा नाही. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात म्हणून पाच सहा काही न म्हणता "फिफ्थ ऑफ जून" असं महिन्याचं नाव घ्या. आणि लाख-कोटी तिकडे पोचत नाही, दोन लाख म्हणजे "टू हंड्रेड थाउजंड" आणि एक कोटी म्हणजे "टेन मिलियन".

हो-नाहीचा घोळ पण इथेच सांगून टाकते कारण यामुळे चांगल्या चाललेल्या गप्पा विस्कटतात. "यू डोन्ट वॉन्ट टी?" असं विचारलं की आपण मराठीच्या हिशोबाने "येस" म्हणतो, म्हणजे हो, नकोय. इंग्लिशवाल्याला वाटतं हवाय आणि तो चहा आणून ठेवतो. नको असेल तर "नो, आय डोन्ट", हवा असेल तर "येस, आय डू", प्रश्न कसाही असो. आणि "डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?" ला उत्साहात "येस येस" म्हणालात तर त्याचा अर्थ मला चालणार नाही असा होतो. तिथे "नॉट ॲट ऑल, गो अहेड".

कॉल सुरू व्हायच्या आधीची तीन मिनिटं

आयटीवाल्यांना माहितीये, काम बोलायला काही वाटत नाही कारण टिकेट, डिप्लॉयमेंट, इश्यू हे शब्द रोजचे आहेत. फाटते ती बाकीचे जॉइन व्हायच्या आधी, तुम्ही आणि क्लायंट दोघंच स्क्रीनवर असता तेव्हा. बरेच जण मुद्दाम दोन मिनिटं उशिरा जॉइन होतात, मी नाव घेत नाही.

न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे तुमचा दिवस संपत आलाय आणि त्याचा सुरू होतोय. तिथूनच सुरू करा. "हॅड युवर कॉफी येट?" किंवा "हाऊज द मॉर्निंग सो फार?" आणि वर शेपूट, "इट्स इव्हनिंग हिअर अँड इट्स पोअरिंग". त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, हिवाळ्यात तोच कॉल आपल्याकडे साडेआठला येतो. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात "डिड यू गेट युवर एक्स्ट्रा अवर ऑफ स्लीप?" विचारा, मार्चमध्ये तासभर झोप गेली त्याबद्दल विचारा, हा विषय दरवर्षी दोनदा फुकट मिळतो आणि प्रत्येक अमेरिकन माणसाची त्याबद्दल काहीतरी तक्रार असतेच. नेटमुळे दोघं एकदम बोलायला लागलात तर घाबरून गप्प होऊ नका, "सॉरी, गो अहेड" म्हणा आणि त्याचं झालं की आपलं राहिलेलं बोला, गिळून टाकू नका.

प्रॅक्टिस कोणासोबत

आपल्याच लेव्हलचा मित्र-मैत्रीण सगळ्यात बरं. फार चांगलं इंग्लिश बोलणाऱ्यासमोर आपण गप्प होतो. दहा मिनिटांचा टायमर, एक विषय, आणि नियम एवढाच की मध्ये चूक काढायची नाही, मराठी शब्द आला तर येऊ द्यायचा पण वाक्य इंग्लिशमध्ये संपवायचं. फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकताना ग्रामर शोधू नका, फक्त गप्पा कुठे थांबल्या ते शोधा आणि त्याच्या आधीचं वाक्य कोणाचं होतं ते बघा. बहुतेक वेळा तिथे बिनशेपटीचं उत्तर सापडतं.

घरच्यांसोबत करायचं तर "आला मोठा इंग्रज" हे एकदा ऐकून घ्यावं लागतं. लहान भाचे-पुतणे इंग्लिश मीडियमचे असतील तर ते चुका काढतात पण त्यांचे "व्हाय?" संपत नाहीत, त्यामुळे प्रॅक्टिस भरपूर होते.

पुण्या-मुंबईत टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत, १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली, भाषणाची प्रॅक्टिस करून घेणारी संस्था आहे ही, पाहुणा म्हणून जाऊन बसता येतं. त्यांचं टेबल टॉपिक्स नावाचं सेशन असतं, अचानक विषय देतात आणि एक-दोन मिनिटं बोलायचं, आणि एक माणूस फक्त सगळ्यांचे "अं, आ" मोजत बसलेला असतो. मजा येते, पण ते भाषणाचं ट्रेनिंग आहे, गप्पांचं कमी, हे लक्षात ठेवून जा. आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्लिशची परीक्षा, देणाऱ्यांनी मात्र असल्या प्रॅक्टिसचा फायदा घ्यावा कारण त्यांची स्पीकिंग टेस्ट ११ ते १४ मिनिटांची असते आणि मधल्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं. तिथे एक्झामिनरने मध्ये थांबवलं तर वेळ संपली एवढाच अर्थ, वाईट वाटून घेऊन तिसरा भाग बिघडवू नका.

एआयशी बोलून प्रॅक्टिस करणारे आता खूप झालेत आणि लाज वाटत नाही म्हणून सुरुवातीला ते छानच आहे. पण त्यात एक गोम आहे. ते कधी कंटाळत नाही, तुम्ही "येस" म्हटलं तरी तेच पुढचा प्रश्न विचारतं, म्हणजे परत शाळेतला पेपर. त्यामुळे सुरू करतानाच त्याला सांगा की तू एक कमी बोलणारा माणूस आहेस, एका वाक्यात उत्तर दे, मला एकही प्रश्न विचारू नको आणि मी दोनदा कंटाळवाणं उत्तर दिलं तर जायला निघ. मग बघा किती वेळ टिकता.

निघायचं कसं

हे पण शिकावं लागतं. कित्येक जण गप्पा लांबवायला घाबरतात कारण थांबवायच्या कशा ते माहीत नसतं, मग एकदम "ओके बाय" म्हणून पळतात आणि ते तोडून टाकल्यासारखं वाटतं. आधी "एनीवे..." म्हणा, आवाज थोडा खाली, मग "आय शुड गेट गोइंग, नाइस टॉकिंग टू यू". जाता जाता त्याने सांगितलेली एक गोष्ट परत घ्या, "होप युवर सिस्टर गेट्स द व्हिसा", आणि पुढच्या वेळी भेटलात की हवामानाच्या ऐवजी व्हिसापासूनच सुरू करा, "सो, डिड शी गेट इट?"

समोरचा "आय विल लेट यू गो" म्हणाला तर त्याला स्वतःला निघायचंय असं समजा. आपल्याकडे येतो म्हटल्यावर दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू होतात, चपला घालून अर्धा तास जातो, तसं इथे नाही. नवीन विषय काढायचा नाही, "शुअर, टॉक सून" म्हणायचं आणि फोन ठेवायचा.